पॉलिशचा डबा बाजूला ठेवा: सैन्यातल्या जुन्या वस्तू कशा जपायच्या

नाशिकला लष्कराचा शेजार जुना आहे. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण, ओझरला मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधण्यासाठी १९६४ साली उभा राहिलेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना. त्यामुळे जुन्या तोफा, गणवेश, पदकं, नकाशे, विमानांचे सुटे भाग इथे फक्त संग्रहालयात सापडत नाहीत. शाळेच्या आवारात, माजी सैनिकांच्या संघटनेच्या खोलीत, सिन्नर-निफाडकडच्या घरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांतही ते आहेत.

या वस्तूंची निगा राखणारे बहुतेक जण स्वतः नोकरी करून आलेले असतात, आणि घोळ नेमका तिथूनच सुरू होतो. सैन्यात वस्तू सांभाळायची म्हणजे ती कामाला तयार ठेवायची: घासायची, तेल द्यायचं, रंग मारायचा. पण संग्रहात आलेल्या वस्तूचं ते काम संपलेलं असतं. ती आता पुरावा असते. पट्ट्यावरचं चौथं भोक, हेल्मेटवरचा खरचटा, कोटावरचा चिखल, रंगाखालचा जुना रंग हे सगळं त्या पुराव्यात येतं, आणि एकदा घासून काढलं की ते परत मिळत नाही. सगळ्यात जास्त नुकसान चोर किंवा वाळवी करत नाहीत, मनापासून काळजी घेणारे हात करतात.

हात लावण्याआधी

तोफगोळा, ग्रेनेड, फ्यूज, काडतूस यांपैकी काहीही समोर आलं तर ते जिवंत आहे असंच धरायचं. "वडिलांनी सांगितलं होतं, रिकामं आहे" हा पुरावा नव्हे. गंजलेल्या गोळ्यावरच्या खुणा आणि रंगाचे पट्टे गेलेले असतात, त्यामुळे जाणकारालाही नुसतं बघून सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या काही गोळ्यांत पिक्रिक अॅसिड असे. धातूशी संयोग होऊन त्याचे जे क्षार बनतात ते धक्क्याला आणि घर्षणाला अतिशय संवेदनशील असतात. म्हणजे काळ गेल्यामुळे धोका कमी होतो असं नाही, कधी कधी वाढतो. फायरिंग रेंजच्या आसपासच्या गावांत तर हे मुलांनाही पाठ असायला हवं: उचलायचं नाही, हलवायचं नाही, लांब व्हायचं, ११२ वर फोन करायचा. पुढचं काम पोलिसांच्या बॉम्बशोधक-नाशक पथकाचं. संग्रहात ठेवायचा गोळा निष्क्रिय केल्याचं लेखी प्रमाणपत्र फाइलमध्ये असेल तरच तो आत घ्यावा.

स्फोटकांइतकेच फसवे आणखी चार प्रकार आहेत. तोफेचा धक्का सोसणाऱ्या यंत्रणेत तेल असतं आणि नळी परत जागेवर आणण्यासाठी बऱ्याच तोफांत दाबाखालचा वायू. वीस वर्षं हललेली नाही म्हणून दाब गेला असं समजून नट सैल करू नये, ते काम लष्करी तोफयंत्रज्ञाचंच. लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटमध्ये, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत, स्वतःची काडतुसं असतात, ती काढल्याचा कागद नसेल तर कॉकपिटमध्ये कुणाला बसवून फोटो काढू नयेत. जुन्या होकायंत्रांच्या, घड्याळांच्या, विमानातल्या डायलच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. तो आता अंधारात चमकत नाही कारण त्यातलं चमकणारं द्रव्य थकलं. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, ते तसंच आहे. काच उघडायची नाही, आणि असे डायल बंद कपाटात न कोंडता हवेशीर जागी ठेवायचे. चौथी गोष्ट गॅस मास्क. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक मास्कच्या फिल्टरमध्ये अॅस्बेस्टॉस होतं. शाळेच्या प्रदर्शनात मुलांच्या तोंडाला ते लावू देऊ नका.

बंदुकांचा प्रश्न कायद्याचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या, पण दुरुस्ती करूनही झाडता न येणाऱ्या शस्त्राला सूट आहे. ते खरोखर तसं आहे की नाही हे मात्र आपण ठरवायचं नसतं. पोलीस ठाण्यातून तपासून लेखी घ्यावं.

वस्तूपेक्षा तिची माहिती आधी हरवते

वस्तू कशामुळे खराब होतात याची कॅनडातल्या सरकारी संवर्धन संस्थेनं केलेली दहा कारणांची यादी जगभर वापरतात. आग, पाणी, कीड, उजेड, चोरी वगैरे त्यात आहेतच. शेवटचं कारण मात्र वेगळं आहे: वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. लष्करी संग्रहात हे कारण पहिलं मोजायला हवं. एका कारखान्यात एका वर्षी बनलेल्या हजारो पाण्याच्या बाटल्या सारख्याच दिसतात. त्यातली एक कुणाच्या खांद्यावर होती, कुठल्या पलटणीबरोबर कुठे गेली, एवढ्यावरच तिची किंमत आहे. चिठ्ठी पडली की उरते फक्त बाटली.

म्हणून वस्तू दारातून आत आली की पहिलं काम नोंद. लागणारं सामान साधं आहे. पानांना छापील क्रमांक असलेली, शिवलेल्या बांधणीची जाड नोंदवही, न पुसणारी काळी शाई, आणि खोडाखोड न करण्याचा नियम: चूक झाली तर एक रेघ मारून वर सही. क्रमांकाची पद्धत तीन भागांची ठेवावी. २०२५.१४.३ म्हणजे २०२५ साली आलेल्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. एका घरातून कोट, टोपी आणि पत्रं एकत्र आली तर १४ हा आकडा त्यांना कायम बांधून ठेवतो, मग त्या तीन वेगवेगळ्या कपाटांत गेल्या तरी चालतं.

"जुनी तलवार, १ नग" ही नोंद नव्हे. काय आहे, कशाची बनली आहे, लांबी-रुंदी-वजन किती, त्यावर कोरलेलं प्रत्येक अक्षर आणि शिक्का जसाच्या तसा, कुठे तडा, गंज किंवा तुटलेला भाग आहे, कुणाकडून आली, देणगी की काही काळासाठी ठेवायला दिली, हे सगळं हवं. देणाऱ्याची सही असलेलं दानपत्र स्वतंत्र फाइलमध्ये. त्यात "कायमस्वरूपी देत आहे" हे शब्द नसतील तर पंधरा वर्षांनी नातू येतो आणि वस्तू परत मागतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

देणारा जी हकिगत सांगतो ती त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहावी, आणि कागदपत्रांवरून पडताळलेली माहिती वेगळ्या रकान्यात. या दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाला काहीच धड समजत नाही. सैनिकाचा सर्व्हिस नंबर मिळाला तर तो सगळ्यात आधी टिपा. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार जण असतात, नंबर एकाचाच असतो.

क्रमांक वस्तूवर घालायची रीतही ठरलेली आहे. धातूवर लपलेल्या जागी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा अॅसिटोनमधला पातळ थर द्यायचा, वाळला की त्यावर शाईनं क्रमांक, वर पुन्हा एक थर. कधी काढायचा झाला तर अॅसिटोननं निघतो. कापडावर शाई नको: सुती फितीवर क्रमांक लिहून ती शिवणीच्या जागी दोन-चार सैल टाक्यांनी अडकवायची. कागदाच्या मागे मऊ पेन्सिल. चिकटपट्टी, स्टिकर आणि कोरणं कुठेच नाही. संगणकावर यादी करायची असेल तर भारतीय संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची प्रणाली बनवली आहे. छोट्या संग्रहाला साधी स्प्रेडशीटही पुरते, पण हातानं लिहिलेली वही बंद करू नका.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखितं व दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे, आणि परदेशी पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे.

नाशिकची हवा

इथला त्रास नुसत्या दमटपणाचा नाही, चढउताराचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती २०-३० वर येते. लाकूड, चामडं, कागद पाणी पिऊन फुगतात आणि मग आक्रसतात. तोफगाडीच्या जुन्या लाकडी चाकांचे आरे उन्हाळ्यात ढिले होतात ते याच कारणानं. हिवाळ्यात वेगळंच. रात्री पारा दहाच्या खाली जातो, जाड लोखंड गारठतं, आणि सकाळी दार उघडल्यावर आत आलेली उबदार हवा त्यावर दंव धरते. नळी रोज सकाळी ओली होते, दहा वाजेपर्यंत कोरडी, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

मिश्र संग्रहासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली, नुसत्या लोखंडासाठी ४० च्या खाली. एवढं जमलं नाही तरी स्थिर ठेवणं जमवा. दिवसा एसी आणि रात्री बंद, यापेक्षा एसी नसलेली, जाड भिंतींची, बंद खोली बरी. आधी आर्द्रतामापक आणा आणि वर्षभराचे आकडे लिहा, खर्च त्यानंतर.

काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवायचं तर हिशेब करून: दर घनमीटरला साधारण २० किलो. म्हणजे १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच कपाटाला ४ किलो. बुटांच्या खोक्यात येते तसली पुडी टाकून काही होत नाही. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी घ्या. रंग बदलला की ११० अंशांच्या आसपास काही तास तापवून पुन्हा वापरता येतं. कपाटाच्या फटी बुजवल्या नसतील तर हे सगळं वाया.

पितळ, चांदी, लोखंड

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, दारूगोळा तबेल्यांत रचून ठेवला जाई, आणि पाऊस संपल्यावर पितळी काडतुसांना तडे गेलेले निघत. १९२१ मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि काडतूस घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण, या तिघांची मिळून ती करामत होती. हे आज कामाचं आहे, कारण पितळेच्या अनेक पॉलिशमध्ये अमोनिया असतो. दाबून घडवलेल्या कवचावर, बिगुलावर, बिल्ल्यावर ते चोळत राहणं म्हणजे तबेल्याचीच सोय करणं.

पॉलिशमधली बारीक पूड प्रत्येक वेळी धातूचा एक थर नेते हे दुसरं नुकसान. पदक हातात घ्या आणि त्याची कड उजेडाकडे फिरवा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दिवाळीला दरवर्षी घासलेल्या पदकावर तीच अक्षरं आधी जातात: पहिल्यांदा नंबराचे आकडे पुसट, मग नावाची टोकं. मधला राजाचा चेहरा सपाट झाला तरी चालेल, तो हजारोंवर आहे. कडेवरचं नाव त्या एकाच पदकावर होतं. अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड दिसली तर ते वाळलेलं पॉलिश. बांबूच्या टोकदार काडीनं, भिंगाखाली, कोरडंच काढा. फीत सुटी करून धुऊ नका, मूळ शिवण हीदेखील माहिती आहे.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं, आणि गंधक सोडतात लोकर आणि रबर. त्यामुळे रबरबँड लावलेलं किंवा लोकरी कापडात गुंडाळलेलं पदक सगळ्यात लवकर काळवंडतं. मऊ पीव्हीसीची पाकिटं त्याहून वाईट, त्यांतून तेलकट द्रव आणि आम्ल निघतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या. हातमोजे नायट्राइलचे.

तांबं, पितळ, काशावर गडद, घट्ट बसलेला हिरवा-तपकिरी थर असेल तर तो राहू द्या, तो संरक्षक आहे. फिकट हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी वर येत असेल तर तो क्लोराइडचा रोग: वस्तू वेगळी काढून कोरड्या डब्यात ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

लोखंडाचा रोजचा उपाय मेण आहे. व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं पेट्रोलियमचं द्रावण) लावलेल्या कापसाच्या बोळ्यानं जुनं तेल आणि बोटांचे डाग काढा, पूर्ण वाळू द्या, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात मारा, काही मिनिटांनी स्वच्छ सुती कापडानं पुसून घ्या. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि ती ओल धरते.

चामडं आणि कापड

पितळी बक्कल चामड्याला जिथे टेकतं तिथे मेणासारखा मऊ हिरवा थर साचतो. चामड्याला वर्षानुवर्षं पाजलेल्या तेलाची आणि तांब्याची ती संगत आहे. आणखी तेल पाजलं की तो आणखी वाढतो. लाकडी काडीनं खरवडून काढा, मग बक्कल आणि चामडं यांच्यामध्ये पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवा. जुन्या पट्ट्याला हात लावल्यावर विटकरी भुकटी लागत असेल तर चामडं आतून कुजलेलं आहे. त्याला पॉलिश लावलं तर काळं होऊन तडकतं. तसंच सपाट ठेवा आणि कमीत कमी हाताळा.

गणवेश धुवायचा नाही, ड्रायक्लीनला द्यायचा नाही. रक्त, चिखल, घाम यांचे डाग तसेच राहू द्यायचे. धूळ काढायची तर नायलॉनची जाळी वर धरून कमी जोराच्या व्हॅक्यूमनं. तारेच्या हँगरवर जड लोकरी कोट टांगला की खांदे फाटतात. खळ धुऊन काढलेला मांजरपाट आणि पॉलिएस्टरचा कापूस वापरून जाड, गोल खांद्यांचा हँगर घरी बनवता येतो. रेशमी निशाण कधी घडी घालून ठेवू नये, घडीवरच ते तुटतं. सपाट ठेवावं, जागा नसेल तर किमान दहा सेंटिमीटर जाडीच्या नळीवर गुंडाळावं. प्रदर्शनात कापडावर उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको. गेलेला रंग कुठल्याही उपायानं परत येत नाही.

लोकरीला कसर लागली तर डांबरगोळ्या नकोत: वास वर्षानुवर्षं जात नाही, काही प्लास्टिकची बटणं मऊ पडतात आणि माणसालाही त्या वाईट. वस्तू पॉलिथिनमध्ये घालून, हवा दाबून बाहेर काढून सीलबंद करा आणि उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं.

कागदांबद्दल थोडक्यात: लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, घड्या उघडून आम्लमुक्त फोल्डरमध्ये सपाट ठेवा. फोटो चिकटपानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, आधी पानासकट फोटो घ्या. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिला इतरांपासून आजच वेगळी करा आणि तिची डिजिटल प्रत सगळ्यात आधी काढा.

उघड्यावरची तोफ

पायदळाच्या पलटणीला निशाण असतं. तोफखान्यात तोफ हेच निशाण. १८२७ च्या २८ सप्टेंबरला उभ्या राहिलेल्या मुंबईच्या माउंटन बॅटरीची आठवण म्हणून तोफखाना त्या तारखेला गनर्स डे पाळतो. त्या दिवसासाठी म्हणून तोफेला नवा रंग चढतो, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या शेवटी, ओल्या पोलादावर. दोन वर्षांत फोड येतात. रंगाचं काम उन्हाळ्यात घ्या. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) निदान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असेल तरच ब्रश उचला.

त्याआधी एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत धारदार पात्यानं थर उघडून बघा. वरच्या चकचकीत हिरव्याखाली मूळ मातकट रंग, एखाद्या युनिटची खूण सापडू शकते. फोटो काढा, नोंद करा. वाळूच्या झोतानं सरसकट साफ करू नका: ब्रीचवरचा, म्हणजे नळीच्या गोळा भरायच्या मागच्या टोकावरचा, क्रमांक, साल, कारखान्याचा शिक्का त्यात जातो. दुसऱ्या महायुद्धापासून १९७१ पर्यंत आपल्याकडे लढलेली २५ पाउंडर तोफ अशी खुणांनी भरलेली असते.

नळी आकाशाकडे रोखलेली रुबाबदार दिसते, पण पाणी आत जाऊन ब्रीचपाशी साचतं. तोंड किंचित खाली झुकवा, लाकडी किंवा प्लास्टिकची गुडदी बसवा आणि तिला हवा खेळायला बारीक भोक ठेवा. तोफगाड्याच्या पोकळ पायांत पाणी साचतं तिथे तळाची भोकं दर जूनमध्ये तारेनं मोकळी करा. वजन टायरवर नको: धुऱ्याखाली पोलादी आधार देऊन चाकं जमिनीपासून बोटभर वर घ्या. खाली माती-गवत नको, उताराचं काँक्रीट हवं.

विमानाचा प्रकार निराळा. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, आता चौकाचौकांतून त्यांची मागणी होणार. अॅल्युमिनियमचा सांगाडा पोलादी खांबावर थेट बोल्टनं बसवला की सांध्यापाशी अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये निओप्रीन रबराची गादी घाला. इंजिनात हवा जाण्याच्या तोंडाला जाळी लावा, कबुतरांची विष्ठा रंग आणि धातू दोन्ही खाते. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, अॅक्रिलिकला काच पुसायचं द्रव किंवा स्पिरिट लावलं तर त्यावर बारीक चिरांचं जाळं उठतं. साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ कापड एवढंच.

पुराच्या गोष्टी आणि नाही म्हणणं

गोदावरीनं २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये दाखवलं आहे की तळमजल्यावरचं काहीही सुरक्षित नसतं. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर, नोंदवहीची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या इमारतीत. भिजलेल्या कागदांना ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर गठ्ठे पिशव्यांत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये टाका, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो.

जे सांभाळता येणार नाही ते घेऊ नये. दहावा सारखाच पाण्याचा डबा, माहिती नसलेला पट्टा, छत नसताना ट्रक यांना नम्रपणे नकार द्या आणि ज्यांच्याकडे सोय आहे अशा संग्रहालयाकडे पाठवा. आपल्याकडची एखादी वस्तू पुढे दुसरीकडे द्यायची ठरली तर समितीचा लेखी ठराव, दात्याच्या घरच्यांना पत्र, आणि वस्तूबरोबर तिच्या संपूर्ण नोंदीची प्रत. आपल्या वहीतली ओळ मात्र खोडायची नाही. शेवटच्या रकान्यात कुठे गेली, कोणत्या तारखेला, कोणत्या पत्रान्वये, एवढं लिहायचं, आणि तो क्रमांक दुसऱ्या कुठल्याही वस्तूला पुन्हा द्यायचा नाही.